सातवीच्या खोलीची भिंत

सोमवार, सहा मार्च २०१७. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. प्रार्थना आटोपून वर्ग नुकतेच बसले होते. त्या वेळी उत्तम इंगळे यांनी सातवीचा वर्ग मला न विचारता खोलीबाहेर काढला आणि मैदानाच्या पार पलीकडे, ध्वजस्तंभापाशी, उन्हात नेऊन बसवला.

मी मुख्याध्यापक होतो. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. गाव पूर्णेच्या खोऱ्यातले, अमरावती जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे. नाव लिहीत नाही. न विचारता वर्ग हलवणे मला खपत नसे, आणि हे इंगळ्यांना चांगले ठाऊक होते. मी ओसरी उतरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कारण सांगितले नाही. "चला सर, दाखवतो," एवढेच म्हणाले आणि रिकाम्या खोलीकडे चालू लागले.

सातवीची खोली ओळीतली शेवटची. तिची टोकाची भिंत उंच, आणि भिंतीपलीकडे निंबाचे जुने झाड. वर टिन. टिन पेलणारा लोखंडी गर्डर एका टोकाने त्या भिंतीवर टेकलेला. इंगळ्यांनी बाकावर बाक चढवला आणि मला वर जायला सांगितले. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला हे सांगणे सोपे नव्हते. मी चढलो.

"गर्डर भिंतीवर किती टेकला आहे, बोटं लावून पाहा."

मी बोटे लावली. दोन बोटे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनीच मला असे चढवले होते, तेव्हा चार बोटे बसली होती. भिंत बाहेर जात होती आणि गर्डर तिच्यावरून सुटत चालला होता.

मी उतरलो. दोघे बाहेर आलो. खोलीला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली.

"तीन वाजता तपासणी आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे, सर."

"एक खोली कमी भरली तर वर्ग जातो."

"तेही माहीत आहे."

वर्ग जातो, याचा अर्थ सांगितला पाहिजे. सातवीचा पट कमी होता. पट कमी आणि खोलीही नाही, असे झाले तर सातवी नाल्यापलीकडच्या गावातल्या शाळेत जोडली जाणार, हे आम्हाला कळवण्यात आले होते. त्या गावाला एसटी नाही. पावसाळ्यात नाला उतरू देत नाही. मुले सायकलीने गेली असती. मुली घरी बसल्या असत्या, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी मोठ्याने म्हणत नव्हते. वर्गात मुलीच जास्त होत्या.

इंगळे गेल्या पावसाळ्यात अकोल्याला वारले. तिथे शोकसभा झाली, तिला मी गेलो होतो. आदर्श, निःस्वार्थ, विद्यार्थिप्रिय असे बरेच बोलले गेले. हे शब्द कोणत्याही शिक्षकाच्या मागे बोलता येतात. इंगळे विद्यार्थिप्रिय वगैरे नव्हते. मुले त्यांना वचकून असत. मला ठाऊक असलेले इंगळे वेगळे होते, म्हणून हे लिहीत आहे.

ते मूर्तिजापूरचे. रोज एसटीने येत आणि एसटीने जात. अंगाने काटक, आवाज कोरडा, शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा आणि सुतळीचा गुंडा. डबा ओसरीवर उभ्यानेच खात. उभे राहून का खाता, असे मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "बसलं की पोट्टे समजतात सर रिकामे हायेत." मुलांशी ते वऱ्हाडीतच बोलत. माझ्याशी बोलताना बहुधा पुस्तकी भाषा वापरत, आणि राग आला की तीही सोडून देत.

सहावी-सातवीला भूमिती आणि मापन त्यांच्याकडे असे. त्यांचा पहिला नियम हा, की पट्टी लावण्याआधी अंदाज सांगायचा. रेष किती लांब, कोन काटकोनाहून लहान की मोठा, हे आधी तोंडाने सांगितल्याशिवाय कंपासपेटी उघडू देत नसत. मुलगा साठ अंशांच्या कोनावर कोनमापक ठेवून उलट्या बाजूचे आकडे वाची आणि एकशेवीस म्हणे. इंगळे त्याच्या वहीकडे बघतही नसत. "काहून बे, तो कोन एवढा फाकला हाय का? डोळे हायेत का शर्टाची बटनं?" वर्ग हसे. मग हसणाऱ्यांपैकी एकाला उभे करत आणि तोही चुके.

दुसरा नियम अधिक कडक होता. चुकलेला अंदाज फळ्यावरून पुसायचा नाही. बरोबर माप त्याच्या शेजारी लिहायचे आणि दोन्ही शाळा सुटेपर्यंत तसेच ठेवायचे. चुकणाऱ्याचे नावही खाली लिहिलेले असे. हे मला पसंत नव्हते, आणि मी तसे सांगितलेही. ते म्हणाले, "सर, पुसलं की पोरगं समजते आपण चुकलोच नाही." मी नियम बदलायला लावला नाही. फळ्यावर स्वतःचे नाव ते इतरांइतकेच वेळा लिहीत, हे मी पाहिले होते.

मुलांच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे शून्याकडचे टोक नेहमी तुटलेले असायचे, कारण मधल्या सुटीत त्या तलवारी होत. इंगळे नवी पट्टी आणा म्हणत नसत. तुटक्या पट्टीनेच माप घ्यायला लावत. दोनपासून धरा, तीनपासून धरा, आणि मग वजा करा. एक मुलगा वजा करायचे नेमाने विसरे. त्याला विचारत, "तू पयलीत आला तवा किती वर्षाचा होता? सहा ना? मंग आता सातवीत तू सात वर्षाचा कसा रे?" मुलगा गोंधळून म्हणे, "बारा जी." "मंग सुरुवात धरत जा ना बापा."

गुंठ्याचा प्रसंग गावाला बरेच दिवस पुरला. क्षेत्रफळाचा पाठ होता. पुस्तकात चौरस मीटर, आणि घरी बोलणे एकर-गुंठ्याचे. इंगळ्यांनी मैदानात सुतळीने एक गुंठा आखला. चार कोपरे धरायला चार मुले उभी केली. त्या चौघांपैकी कोणाच्याही घरी शेत नव्हते. ती निवड त्यांनी का केली, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. बाकीचा वर्ग आत उभा केला. तेवढ्यात शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष गजाननभाऊ गावंडे फाटकातून आले. गजाननभाऊ म्हणजे गावातले मोठे शेतकरी. त्यांची मुलगी समीक्षा याच वर्गात. ते सुतळी ओलांडून आत उभे राहिले आणि चारी बाजूंनी पाहू लागले.

"हा गुंठा हाय?"

"हो जी. मोजून घ्या."

"एवढासाच?"

"एवढासाच."

"मास्तर, आमच्या चुलतभावासंग तीन वर्षं कोर्टात भांडून राहिलो ना मी एका गुंठ्यासाठी."

"मंग उभे राहा जरासे," इंगळे म्हणाले. "नीट पाहून घ्या."

मुले हसली. गजाननभाऊही हसले, पण थोड्या उशिराने. त्यांना ते आवडले नव्हते.

आता भिंतीविषयी. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये इंगळे त्या खोलीत सहावी-सातवीला एकत्र लंबरेषा शिकवत होते; ही मुले तेव्हा सहावीत होती. गवंडी भिंत सरळ आहे का हे पाहायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. वर्गातल्या एका मुलीचे वडील गवंडी होते. तिने त्यांचा ओळंबा आणला. भिंतीच्या माथ्याजवळ खिळा होता, त्यावरून ओळंबा आतल्या बाजूने सोडला, आणि वजनाचे टोक फरशीवर जिथे येईल तिथे मुलांनी पेन्सिलीने खूण करायची होती. खूण भिंतीच्या पायाजवळ हवी होती. पण वजन फरशीवर सुटे आलेच नाही. दोरीच भिंतीला चिकटून मध्येच अडली. भिंत बाहेरच्या बाजूला झुकली होती, आणि दोरी तिच्या पायथ्यावर टेकत होती. इंगळ्यांनी बाहेरून ओळंबा सोडून पुन्हा पाहिले. तिथे वजन पायथ्यापासून चांगले सुटे लोंबत होते. मुलांना ही गंमत वाटली. इंगळ्यांना वाटली नाही. त्यांनी बाहेरच्या चौथऱ्यावर खूण केली, वर्ग निंबाखाली नेला आणि मला येऊन सांगितले. मी कार्यालयाला कळवले.

अभियंता आला तो श्रावणात. त्याने स्वतःचा ओळंबा बाहेरून सोडला, आणि इंगळ्यांनी चौथऱ्यावर खूण केली. भिंत सरळ होती. अगदी सरळ नव्हे, पण जुनी भिंत जितकी सरळ असावी तितकी. वर्ग बाजूला उभा राहून बघत होता.

"गुरुजी," अभियंता हसून म्हणाला, "तुम्ही भूमिती शिकवा. बांधकाम आमच्याकडे राहू द्या."

गजाननभाऊ सोबत होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "भिंत सरळच होती. वाकडं दुसरंच काही तरी हाय."

इंगळे बौद्ध. गावात बौद्ध वस्ती पूर्वेला, आणि तिथे नवे बुद्धविहार झालेले. मोठी पक्की खोली, वर स्लॅब. वस्तीबाहेरचे कोणी तिथे जात नसे. एप्रिलमध्ये खोली सोडली तेव्हाच गावात कुजबुज झाली होती, की मास्तर भिंतीचे निमित्त करून पोरांना विहारात नेऊन बसवणार. इंगळ्यांनी विहाराचे नावही काढले नव्हते. ते त्या वस्तीत पाणी प्यायलाही जात नसत. चौदा एप्रिलला वस्तीने भाषणाला बोलावले, तेही त्यांनी नाकारले आणि मूर्तिजापूरला थांबले. वस्तीतल्या लोकांना त्याचा राग आला. तोही इंगळ्यांनी गिळला. दोन्हीकडून ऐकून घेणारा माणूस असा दिसतो.

अभियंता गेल्यावर इंगळे वर्गात गेले. फळ्यावर एप्रिलचे माप लिहिले, शेजारी श्रावणाचे लिहिले, खाली स्वतःचे नाव लिहिले. मी दारात होतो. त्यांना वाटले होते मुले हसतील. समीक्षा गावंडे उभी राहिली.

"सर, मंग कोणतं चुकलं?"

इंगळ्यांनी आधी एका मापावर खडू टेकवला, मग दुसऱ्यावर. मग म्हणाले, "दोन्ही माप आपल्यासमोरच झालं ना पोरी? मंग सांगतो. आता नाही समजत मले."

त्यांना समजले ते दिवाळीनंतर. मुलांनी दर शनिवारी ओळंबा सोडायचा, असे त्यांनी लावून दिले होते. जमीन वाळू लागली तसे वजन पायथ्यापासून दूर जाऊ लागले. काळी माती आमच्याकडे उन्हाळ्यात अशी भेगाळते, की भेगेत काठी घातली तर हाताला तळ लागत नाही. पावसाळ्यात तीच माती फुगून सगळे बुजवते. पाया तिच्याबरोबर खाली-वर होतो. शेतात हे प्रत्येकाने पाहिलेले असते. भिंतीखालीही तीच माती आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. भिंत उन्हाळ्यात बाहेर जात होती आणि पावसाळ्यात परत येत होती, पण पूर्ण परत येत नव्हती. त्यात निंबाची मुळे पायाखालचे उरलेसुरले पाणी ओढत होती.

"भिंत श्वास घेऊन राहिली, सर," एक मुलगा म्हणाला.

"हो. अन् एक दिवस सोडून देईन," इंगळे म्हणाले.

मी पुन्हा कळवले. उत्तर आले, की अभियंत्याने पाहणी केलेली आहे, खोली वापरत राहावी.

फेब्रुवारीतली गोष्ट सांगितली, की मग त्या सोमवाराकडे परत येतो. सावलीवरून उंची काढण्याचा पाठ होता. काठी उभी करायची, तिची सावली मोजायची, भिंतीची सावली मोजायची आणि प्रमाणावरून भिंतीची उंची काढायची. मुलांनी हीच भिंत घेतली. वर्गात येऊन फळ्यावर उत्तर काढले. इंगळे खुलले होते. समीक्षाने हात वर केला.

"सर, हे भिंत पडली तं निंबापरेंत येते ना?"

इंगळ्यांनी खडू खाली ठेवला. बाहेर जाऊन भिंतीपासून निंबापर्यंत पावले टाकली, परत आले. त्या अंतराहून भिंतीची उंची जास्त भरली होती. म्हणजे मागच्या उन्हाळ्यात त्यांनी वर्ग भिंतीच्या धोक्यातून काढला आणि नेमका भिंत जिथे येऊन पडली असती तिथे बसवला होता. आठवडेच्या आठवडे, सावलीत, पाठ भिंतीकडे करून.

मी शेजारच्या वर्गात होतो. आवाज बंद झाला म्हणून डोकावलो. इंगळ्यांनी फळ्यावर लिहिले: निंबाखाली बसवले, उंची मोजली नाही. खाली नाव. ते शाळा सुटेपर्यंत फळ्यावर होते. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

म्हणून सहा मार्चला वर्ग उन्हात होता.

साडेअकराच्या सुमारास गजाननभाऊ आले. त्यांना बातमी लागली होती. फाटकातूनच त्यांचा आवाज आला.

"काय चाललं हे, इंगळे मास्तर? लेकरं उन्हात कायले बसवले? निंब दिसत नाही का?"

"निंबापर्यंत भिंत येते, भाऊ."

"काय येते?"

"भिंत. पडली तर."

"पडली तर! सालभर झालं तुमची भिंत पडून राहिली!" ते माझ्याकडे वळले. "मोठे सर, तुमी तरी सांगा यायले. तीन वाजता मॅडम येऊन राहिल्या. अर्ध्या तासाचं काम हाय. खोली उघडा, लेकरं बसवा, मॅडम पाहून जातीन, मंग तुमी त्या खोलीत तालेच लावा ना जन्मभर."

"किल्ली माझ्याकडे आहे," मी म्हणालो. "ती मिळणार नाही."

"वर्ग जाईन!"

मी किल्ली खिशातच ठेवली. ते इंगळ्यांपुढे जाऊन उभे राहिले. आवाज खाली आला होता, आणि मला तो आधीच्या ओरडण्यापेक्षा वाईट वाटला.

"मास्तर, माह्या पोरीले मी नाल्यापल्याड पाठवणार नाही. सांगून ठेवतो. तिचं शिक्षण आज बंद झालं तं ते तुमच्यानं झालं."

समीक्षा वर्गात पहिल्या ओळीत बसलेली होती. तिने मान खाली घातली. सगळा वर्ग ऐकत होता. इंगळ्यांच्या हातातला खडू मोडला. मोडलेला तुकडा त्यांनी खिशात टाकला.

"तुमच्या पोरीच्या डोक्यावर गर्डर हाय, भाऊ. दोन बोटांवर."

"अभियंत्यानं सांगतलं सरळ हाय म्हणून!"

"त्यानं पावसात पाहिली. तुमी तुमच्या वावरात आज जा, अन् भेगा पाहा."

गजाननभाऊ थांबले. शेतकऱ्याला हे कळते. पण कळल्याने त्यांचा राग उतरला नाही. ते ध्वजस्तंभाच्या ओट्यावर बसून राहिले, तीन वाजेपर्यंत.

मधल्या सुटीत मी इंगळ्यांना ओसरीवर गाठले. "विहाराची खोली मोठी आहे," मी म्हणालो. "तुम्ही आधीच सुचवायला हवी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मी सुचवलं असतं, सर, तर सगळ्या गावाच्या नजरेत भिंत सरळ झाली असती."

मी सुटी संपल्याची घंटा द्यायला सांगितली.

विस्तार अधिकारी बाई वेळेवर आल्या. शिस्तीच्या, मोजके बोलणाऱ्या. त्यांनी वर्ग उन्हात पाहिला, कुलूप पाहिले आणि विचारले, "काय प्रकार आहे?" मी सांगू लागलो. त्यांनी हात वर केला आणि इंगळ्यांकडे वळल्या. "भिंतीचा वाद तुमचाच ना? मला तर सरळ दिसते."

"आम्हालाही दिसते, मॅडम," इंगळे म्हणाले. मग वर्गाकडे बघून, "पोरींनो, ओळंबा."

गवंड्याच्या मुलीने ओळंबा आणून दिला आणि इंगळ्यांनी स्वतः शिडीवर चढून तो बाहेरच्या बाजूने सोडला. शिडी मी धरली होती, आणि मुलांपैकी कोणालाही ते भिंतीजवळ येऊ देत नव्हते. दोरी हलायची थांबली. चौथऱ्यावर मागच्या एप्रिलची खूण होती, श्रावणाची होती, आणि वजन एप्रिलच्या खुणेच्याही पुढे जाऊन लोंबत होते. बाई खाली वाकून पाहत राहिल्या. त्यांनी मला कुलूप काढायला लावले, दारातूनच वर गर्डरकडे पाहिले, आणि ते पुन्हा लावायला सांगितले.

"खोली वापरायची नाही," त्या म्हणाल्या. "आणि दुसरी खोली नसेल तर मला वर्ग जोडावा लागेल. माझा अहवाल आजच जातो. ओसरी?"

"तिथे तिसरी बसते," मी म्हणालो.

"ग्रामपंचायत?"

"टेबलं सोडून जागा नाही."

"मारुतीचं देऊळ हाय की," गजाननभाऊ पुढे आले. "मोठा सभामंडप हाय, मॅडम."

"तीन बाजूंनी उघडा आहे. बंद खोली लागेल. गावात दुसरी पक्की खोली नाहीच का?"

कोणी बोलेना. गजाननभाऊ नाहीत, इंगळे नाहीत. मी मुख्याध्यापक होतो आणि शब्द माझ्या तोंडात आला होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"विहार हाय ना जी. मोठा हाय. वरतून सलॅब हाय."

समीक्षा उभी होती. तिचे वडील तिच्याकडे पाहत होते.

"तू कवा गेली होती तठी?" त्यांनी विचारले.

"मी नाही गेली बाबा. बाहेरून अंदाज घेतला." आणि जरा थांबून, "सरांनीच लावलं सगळ्यायचा अंदाज घ्याले."

बाई म्हणाल्या, "खोली मोजा. मुलांच्या संख्येला पुरली आणि पाचच्या आत वस्तीची संमती मिळाली, तर मी पर्यायी व्यवस्था म्हणून लिहीन."

वस्तीने संमती दिली. सहज दिली नाही. विहार समितीचे म्हातारे सदाशिवबाबा दारात उभे राहून इंगळ्यांना म्हणाले, "भाषणाले बोलावलं तवा आले नाही. आता खोली पायजे तं आले." इंगळे म्हणाले, "हो, बाबा. आलो." सदाशिवबाबांनी त्यांना तसेच थोडा वेळ उभे ठेवले, आणि मग बाजूला झाले.

मुलांनी चपला बाहेर काढल्या. आत बुद्धाची मूर्ती, पुढे निळी सतरंजी. इंगळ्यांनी टेप काढला नाही. "बोला, लांबी किती? रुंदी किती?" मुलांनी ओरडून अंदाज सांगितले, मग टेप लागला, गुणाकार झाला, मुलांच्या संख्येने भागाकार झाला. जागा पुरत होती. बाईंनी दोनदा पडताळले आणि लिहून घेतले. गजाननभाऊ रस्त्याच्या पलीकडे, एका बंद पानठेल्यापाशी उभे होते. आत आले नाहीत. बाई गेल्यावर मुले घरी गेली. गजाननभाऊंनी समीक्षाला हाताने बोलावले आणि तिला पुढे घराकडे धाडले. स्वतः तिथेच थांबले.

वर्ग कागदावर टिकला होता. उद्या सकाळी मुली विहारात बसतील की नाही, ते कागदावर ठरणार नव्हते. एकट्या गावंड्यांची पोरगी आली नाही, तर अर्धा वर्ग येणार नाही, हे मला ठाऊक होते. इंगळ्यांनाही ठाऊक होते. ते त्याविषयी बोलले नाहीत.

"फळा लागेल," एवढेच म्हणाले.

फळा सातवीच्या बंद खोलीत होता. मी किल्ली दिली नाही. स्वतः जाऊन कुलूप काढले. "मीही येतो," म्हणालो. "नाही," ते म्हणाले. नोकरीत त्यांनी मला दिलेला तो एकच हुकूम. ते आत गेले. मला खिळे उपटण्याचा आवाज येत होता आणि मी गर्डरकडे पाहत होतो. वरून थोडी माती पडली. ते थांबले. मग पुन्हा आवाज सुरू झाला. बाहेर आले तेव्हा फळा पाठीवर होता आणि केसांत धूळ. मी कुलूप लावले.

फळा आम्ही दोघांनी विहारापर्यंत नेला. शेजारच्या घरून त्यांनी हातोडी मागून आणली. फळा जड, लाकडी चौकटीचा. एक टोक मी धरले, पण माझा उजवा खांदा वर जात नाही. फळा कलू लागला. इंगळ्यांनी तोंडात खिळे धरले होते. ते काढून त्यांनी दारातून रस्त्यापलीकडे पाहिले आणि आवाज दिला, वर्गात देत तसाच.

"गजाननभाऊ! हा कोपरा धरा."

गजाननभाऊ हलले नाहीत. आजूबाजूच्या दारांत बायामाणसे येऊन उभी राहिली होती. इंगळे वाट पाहत उभे होते. दुसऱ्या कोणाला त्यांनी हाक मारली नाही, आणि पुढे झालेल्या वस्तीतल्या एका तरुणाला हाताने थांबवले.

मग गजाननभाऊंनी रस्ता ओलांडला. पायरीशी चपला काढल्या. आत आले आणि माझ्या हातातले टोक घेतले.

"वर घ्या," इंगळे म्हणाले. "जरासं आणखी. हां. हालू नका."

"हालत नाही ना मी. ठोका."

त्यांनी एक खिळा ठोकला, दुसरा ठोकला. फळा सोडून पाहिला. गजाननभाऊ हात झटकत एक क्षण मूर्तीसमोर उभे राहिले, नमस्कार केला नाही, आणि दाराकडे गेले. चपलांत पाय घालताना पाठमोऱ्यानेच त्यांनी विचारले,

"उद्या किती वाजता पाठवू पोरीले?"

"रोजच्याच वेळेले," इंगळे म्हणाले.

गजाननभाऊ गेले. अंधार पडायला आला होता. मूर्तिजापूरच्या शेवटच्या गाडीला थोडाच वेळ उरला होता. इंगळ्यांनी फळ्याखाली पडलेले खिळे वेचून खिशात टाकले, आणि शेजारच्या घरी हातोडी परत केली.